सुरकुत्यांचे इंजेक्शन : पंधराव्या दिवशी कोण भेटेल?

प्रश्न : मी चिपळूणला राहते. वय ४८, शाळेत शिक्षिका आहे. दोन्ही भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या पडल्या आहेत आणि त्यामुळे वर्गातली मुलेसुद्धा ‘बाई, रागावलात का?’ असे विचारतात. मे महिन्यात मुलीचे लग्न आहे. आमच्या ओळखीच्या पार्लरमध्ये एका रविवारी मुंबईहून डॉक्टर येणार असून त्या दिवशी सवलतीच्या दरात बोटॉक्सची इंजेक्शने देणार आहेत. नाव नोंदवायला आगाऊ पैसे भरायचे आहेत. त्याआधी मी काय काय विचारून घ्यावे? आणि इतके प्रश्न विचारले तर डॉक्टरांना अपमान वाटणार नाही ना?

उत्तर : तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका नेमक्या तिथेच अडलेल्या असतात. बाजारात बांगडे घेताना आपण कल्ला उचलून आतला रंग पाहतो आणि कोळणीला त्यात काही वावगे वाटत नाही. मग जे औषध सुईने आपल्या चेहऱ्यात जाणार आहे, त्याची चौकशी करताना संकोच कशाला? ज्या डॉक्टरांना तुमच्या प्रश्नांचा राग येईल, त्यांच्याकडून इंजेक्शन घेऊ नये, असे मी अगदी स्पष्टपणे सांगेन.

आधी हे औषध काय आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढचे प्रश्न आपोआप सुचतील. बोटॉक्स हे एका कंपनीच्या औषधाचे नाव आहे. आतले द्रव्य म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन, एका जिवाणूपासून मिळणारे विष, अत्यल्प मात्रेत शुद्ध करून वापरलेले. मज्जातंतूकडून स्नायूला आकुंचन पावण्याचा जो निरोप जातो, तो हे द्रव्य अडवते. स्नायू सैल पडतो आणि त्याच्यावरच्या कातडीला घडी पडेनाशी होते. हे औषध आधी तिरळेपणा आणि पापण्या आपोआप गच्च मिटण्याचा विकार यांसाठी वापरात होते. कॅनडातल्या व्हँकुव्हर येथील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती अ‍ॅलिस्टर कॅरुथर्स यांनी भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याचा उपयोग करून १९९२ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वापराला २००२ मध्ये मान्यता दिली. जाणत्या हाती हे औषध सुरक्षित आहे आणि मी स्वतः ते देते. पण ते फेशिअलसारखे नाही, डॉक्टरांनी तपासून, चिठ्ठीवर लिहून द्यायचे औषध आहे, एवढे मनात पक्के असावे.

पहिला प्रश्न अर्थातच डॉक्टरांविषयी. नुसते नाव विचारून थांबू नका. पदवी कोणती आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणता, हे विचारा. परिषदेच्या संकेतस्थळावर ते नाव तुमच्या मुलीला मोबाइलवरही शोधता येईल. त्वचारोगशास्त्रातली एमडी, डीएनबी किंवा पदविका, अथवा प्लास्टिक सर्जरीतली पदव्युत्तर पदवी असेल तर चेहऱ्याचे स्नायू त्या व्यक्तीने शिकलेले आहेत असे समजता येते. कॉस्मेटॉलॉजीचे दोन-चार दिवसांचे प्रमाणपत्र भिंतीवर कितीही सुंदर चौकटीत लावलेले असले, तरी ते या पदव्यांच्या जागी चालत नाही. शिवाय सुई प्रत्यक्ष कोण टोचणार, तेही विचारा. तपासायला एक आणि टोचायला दुसरी व्यक्ती, असे मी पाहिलेले आहे.

दुसरी चौकशी कुपीची, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकाल अशी ही एकमेव गोष्ट आहे. ‘माझ्यासमोर कुपी उघडाल का?’ असे विचारा. बोटॉक्सची न उघडलेली कुपी पाहिलीत तर ती रिकामीच वाटेल. तळाशी पांढुरक्या भुकटीचा जेमतेम एक थर असतो, तोही प्रकाशासमोर धरल्यावर दिसतो. आत निर्वात पोकळी असते. डॉक्टर सलाईनने भरलेली सिरिंज रबराच्या बुचातून आत खुपसतात, तेव्हा दट्ट्या न दाबताही सलाईन आपसूक आत ओढले जाते. ते तसे ओढले गेले नाही तर कुपी टाकून द्यावी, अशी उत्पादकाचीच सूचना आहे. वेष्टनावर कंपनीचे नाव, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि आयात केलेल्या औषधावर आयातदाराचे नाव-पत्ता व परवाना क्रमांक असायला हवा. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. सिरिंज आधीच भरून डब्यात आणलेल्या असतील तर त्यांत काय आहे हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि तिथून उठून घरी यावे हे उत्तम.

बोटॉक्सची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज किती वेळा जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेच्या उकाड्यात मुंबईहून चिपळूणपर्यंतचा पाच-सहा तासांचा प्रवास औषधाने कशात केला, बर्फाची पेटी होती का, पार्लरमधल्या फ्रीजला इन्व्हर्टर आहे का, हे विचारणे म्हणूनच आगाऊपणाचे नाही. उष्णता लागलेल्या औषधाचा जोर कमी होतो, आणि मग पैसे जाऊनही आठी जागच्या जागी राहते.

तिसरा प्रश्न मात्रेचा. हे औषध युनिटमध्ये मोजतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सची प्रमाणित मात्रा २० युनिट आहे, पाच ठिकाणी प्रत्येकी चार. म्हणजे १०० युनिटची एक कुपी या कामासाठी पाच जणींना पुरते. त्याच कुपीत दहा जणींना बसवले, तर प्रत्येकीच्या वाट्याला किती आले ते तुम्ही शिक्षिका आहात, लगेच सांगाल. सवलतीचा दर पुष्कळदा असाच परवडतो. म्हणून ‘एका इंजेक्शनचे किती?’ असे न विचारता ‘मला किती युनिट देणार आणि एका युनिटचे किती?’ असे विचारा. औषध कोणते तेही लिहून घ्या, कारण डिस्पोर्ट नावाच्या दुसऱ्या औषधाची युनिटे आणि बोटॉक्सची युनिटे सारखी नसतात. एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न : पंधराव्या दिवशी मला कोण भेटेल? या औषधाचा परिणाम सुईबरोबर दिसत नाही. तो दोन-तीन दिवसांनी सुरू होतो आणि पूर्ण दिसायला साधारण १४ दिवस लागतात. एक भुवई वर चढली, कपाळ जड झाले किंवा पापणी खाली आली, तर ते याच काळात कळते, आणि तोवर रविवारी आलेले डॉक्टर मुंबईला परत गेलेले असतात.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझ्याकडे एक बाई आल्या. त्या खानावळ चालवत. उजव्या डोळ्यावर पदर ओढून बाकावर बसल्या होत्या. केसपेपरवर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने उजवी पापणी वर धरली आणि मगच सही केली. नऊ दिवसांपूर्वी एका शिबिरात त्यांनी इंजेक्शन घेतले होते. औषध डोळ्याच्या वरच्या पापणीला उचलून धरणाऱ्या स्नायूपर्यंत पसरले होते. कोणते औषध, किती युनिट, कुठे टोचले, याचा एक कागद त्यांच्याजवळ नव्हता आणि दिलेला फोन लागत नव्हता. स्नायूवर झालेला हा परिणाम उलटवणारे औषध नाही. काही थेंबांनी पापणी किंचित उचलली जाते, बाकी वाट पाहावी लागते. त्यांची पापणी पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागले. पापणी पडणे हा चांगल्या डॉक्टरांच्या हातूनही क्वचित घडणारा प्रकार आहे, त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. त्या बाईंना सहा आठवडे एकटे पडावे लागले, याचा मात्र मला आजही राग येतो.

म्हणून आगाऊ पैसे भरण्याआधी विचारा : हे डॉक्टर पुन्हा चिपळूणला कधी येणार? मधल्या काळात इथला कोणता डॉक्टर मला पाहील? मला दिलेल्या औषधाचे नाव, बॅच, युनिट आणि टोचलेल्या जागा यांची नोंद असलेला सहीचा कागद व पक्की पावती मिळेल का? गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर ते औषध शरीरात दूर पसरल्याचे लक्षण असू शकते. हे क्वचितच घडते, पण काही तासांनीच काय, काही आठवड्यांनीही घडू शकते. अशा वेळी पार्लरला फोन करत बसू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा आणि तो कागद दाखवा. ही भीती उगाच घालत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये ११ राज्यांतल्या २२ महिलांची नोंद जाहीर केली. बनावट किंवा नीट न हाताळलेल्या अशा इंजेक्शनांनंतर त्या आजारी पडल्या होत्या आणि त्यांतल्या ११ जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांतल्या अनेकींनी इंजेक्शन घरी किंवा स्पामध्ये, परवाना नसलेल्या किंवा प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीकडून घेतले होते.

लग्नाचे म्हणाल, तर लग्नाच्या आदल्या आठवड्यात हे मुळीच करू नका. पहिल्यांदाच घेत असाल तर किमान महिनाभर आधी घ्या, म्हणजे काही डावे-उजवे झाले तरी ते दुरुस्त करायला वेळ राहतो. त्या दिवशी चार तास आडवे होऊ नका, टोचलेली जागा चोळू नका, आणि पार्लरमधले फेशिअल किंवा डोक्याचे तेलमालीश काही दिवस पुढे ढकला.

प्रश्न : मी मालवणचा, वय ५५. तीस वर्षे होडीवर काढली. चेहरा सुकलेल्या कातडीसारखा झाला आहे, मानेवरही रेषा आहेत. या इंजेक्शनाने फरक पडेल का?

उत्तर : खरे सांगायचे तर फारसा नाही, आणि तुमचे पैसे वाचावेत म्हणून हे आधीच सांगते. आरशासमोर उभे राहा आणि चेहरा अगदी सैल सोडा. कपाळाला आठी घातल्यावरच जी रेषा उमटते, ती स्नायूची. तिला हे औषध लागू पडते. चेहरा शांत असतानाही जी तशीच राहते, ती कातडीत कोरली गेलेली असते, आणि तुमच्या बाबतीत ती उन्हाने आणि पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने कोरलेली आहे. इंजेक्शनाने ती थोडी सौम्य होईल, जाणार नाही. कोणी तुम्हाला ‘बोटॉक्सने नाही तर फिलरने भरून देऊ’ म्हणाले, तर ते संपूर्ण वेगळे औषध आहे हे ध्यानात घ्या. ते कातडीखाली भरतात, आणि चुकून रक्तवाहिनीत गेले तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. फिलर हायलुरोनिक अ‍ॅसिडचा आहे का आणि तो विरघळवणारे हायलुरोनिडेज हे औषध दवाखान्यात हजर आहे का, या दोन गोष्टी विचारल्याशिवाय सुई लावून घेऊ नका.

तुम्हाला माझा सल्ला वेगळा आहे. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सकाळी निघताना व दर दोन-तीन तासांनी सनस्क्रीन. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इतकी वर्षे उन्हात काढलेल्या चेहऱ्यावर, कानावर किंवा ओठावर न भरणारी जखम, खपली किंवा वाढता डाग असेल, तर सुरकुत्यांचा विचार बाजूला ठेवून तो आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : माझे बाळ सात महिन्यांचे आहे व अंगावर पिते. नणंद म्हणते की इतक्या थोड्या औषधाने काही होत नाही. शिवाय सासूबाईंनाही घ्यायचे आहे. त्या हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात. — सावंतवाडी

उत्तर : तुम्ही थांबा. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हे औषध सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा नाही, आणि आठ्यांना घाई नसते. सासूबाईंच्या गोळीमुळे टोचलेल्या जागी काळेनिळे होण्याची शक्यता जास्त असते, पण म्हणून हृदयाची गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारा. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा विकार असेल, जेन्टामायसिन किंवा अमिकासिन ही इंजेक्शने चालू असतील, किंवा टोचायच्या जागी फोड वा पू असेल, तर ते सांगितल्यावाचून खुर्चीवर बसू नये. डॉक्टरांनी यातले काहीच विचारले नाही, तर त्यावरूनही काय ते समजा.

प्रश्न : एकदा सुरू केले की आयुष्यभर घ्यावे लागते आणि सोडले तर चेहरा आधीपेक्षा वाईट होतो, हे खरे का? — दापोली

उत्तर : नाही. परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग स्नायू हळूहळू पूर्वीसारखे काम करू लागतात आणि आठी होती तशी परत येते, त्याहून खोल होत नाही. मात्र ती घालवलेली ठेवायची असेल, तर वर्षातून तीनेक वेळा तोच खर्च आहे, आणि सौंदर्यासाठीच्या उपचारांचे पैसे आरोग्य विमा देत नाही. पहिल्या खेपेचा दर ऐकताना तो तीनाने गुणून घरी बोला, आणि मगच तारीख ठरवा.