अमेरिकेतल्या वसाहतकाळातल्या मिलिशियात, म्हणजे गावकऱ्यांच्याच सशस्त्र दलात, लढणाऱ्या माणसाचं घर कसं असायचं? तो पूर्णवेळ सैनिक होता का?

नाही. तो आधी गावकरी, मग शिपाई. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲक्टन गावचा आयझॅक डेव्हिस पाहा. धंदा बंदुका बनवण्याचा, घरी बायको हॅना आणि चार मुलं. गावच्या मिनिटमेन तुकडीचा, म्हणजे हाक येताच मिनिटभरात सज्ज होणाऱ्या शिपायांचा, तो कॅप्टन होता. माणसं त्याच्या घरामागे नेमबाजीचा सराव करायची. स्वतः कारागीर असल्यामुळे त्याने त्यांच्या बंदुकांना संगिनी बसवून दिल्या होत्या. बाकी बऱ्याच तुकड्यांकडे त्या नव्हत्या, आणि जवळच्या काँकॉर्ड गावातल्या नॉर्थ ब्रिज या पुलावर ब्रिटिश सैन्याशी लढाई झाली तेव्हा ॲक्टनची तुकडी पुढे राहिली त्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

१९ एप्रिल १७७५ च्या पहाटे, त्या लढाईच्या दिवशी, ब्रिटिश सैन्य येत असल्याचा निरोप आला तेव्हा मुलं आजारी होती. हॅनाने नंतर सांगितलं, की जाताना तो फारसं बोलला नाही. मुलांना नीट सांभाळ, एवढंच म्हणाला. पुलावर ब्रिटिशांच्या गोळीने तो पडला. वय अवघं ३०. त्याच दिवशी त्याचा मृतदेह घरी आणला.

लढाईच्या वर्णनात हॅना सहसा येत नाही, हे मला खटकतं. चार मुलांसह मागे ती राहिली, आणि त्या सकाळची घरातली हकीकत आपल्याला कळते तीही तिच्याच म्हातारपणीच्या जबानीतून.