शेजाऱ्याच्या भिंतीतला हूक आणि १७ वर्षांची तार

प्रश्न : आमचे घर उदगीरच्या जुन्या वस्तीत आहे. नळाला आठ दिवसांनी पाणी येते, त्यामुळे सगळे धुणे एकाच दिवशी निघते. १७ वर्षांपूर्वी शेजारच्या काकांनी "खुशाल बांधा" म्हटल्यावर आम्ही अंगणातून त्यांच्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची तार ओढली. काका वारले, मुलांनी घर विकले आणि नव्या मालकाने वकिलामार्फत १५ दिवसांत तार काढण्याची नोटीस दिली आहे. सासूबाई म्हणतात, एवढ्या वर्षांत आपला हक्क लागला. दावा लावावा, की पुतण्या म्हणतो तसे गच्चीवर लोखंडी अँगल उभे करावेत?

उत्तर : सासूबाईंचा समज आपल्याकडे घरोघरी आढळतो, परंतु कायदा तसा नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार दुसऱ्याच्या मिळकतीच्या वापराचा हक्क, म्हणजे सुविधाधिकार, वहिवाटीने मिळण्यासाठी २० वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि मुख्य म्हणजे हक्क म्हणून उपभोग घेतलेला असावा लागतो. आपली तीन वर्षे कमी पडतात, ही त्यातली किरकोळ अडचण आहे. खरी अडचण काकांच्या "खुशाल बांधा" या शब्दांत आहे, कारण जो वापर परवानगीने सुरू होतो तो हक्काने केलेला ठरत नाही आणि अशी परवानगी ४० वर्षे चालली तरी तिचे सुविधाधिकारात रूपांतर होत नाही.

काकांनी आपल्याला दिली ती परवानगी कायद्याच्या भाषेत अनुज्ञप्ती होय. कलम ५९ प्रमाणे मिळकत विकली गेल्यावर खरेदीदार जुन्या मालकाने दिलेल्या अनुज्ञप्तीने बांधलेला राहत नाही. परवानगीच्या भरवशावर खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असल्यास कलम ६० संरक्षण देते. मात्र एक हूक आणि चार-पाच मीटर तार यांना कायमचे बांधकाम म्हणा, असे मी कोणत्याही न्यायाधीशांसमोर सांगू धजणार नाही. परवानगी संपल्यावर आपले सामान काढून नेण्यास वाजवी मुदत मिळण्याचा हक्क कलम ६३ देते, आणि तारेसाठी १५ दिवस पुरेसे आहेत.

हे सगळे भिंत शेजाऱ्याची आहे असे धरून लिहिले. जुन्या वस्त्यांत दोन घरांमधली भिंत पुष्कळदा सामायिक असते आणि तसे असेल तर उत्तर बदलते, कारण सामायिक भिंतीचा दुसऱ्यास बाधा न येईल असा वापर करण्यास आपणही मुखत्यार आहात. म्हणून तार काढण्याआधी आपले खरेदीखत काढून त्यातील चतुःसीमा वाचा आणि नगर भूमापन झालेले असल्यास मिळकत पत्रिका व नकाशा पाहा. नगरपरिषदेची घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा ठरत नाही, तिच्यावर विसंबू नका.

नोटिशीला मुदतीत उत्तर द्या. उत्तर दिलेच पाहिजे असे बंधन नसले तरी मौनाचा उपयोग पुढे आपल्याविरुद्ध होतो. कागद पाहण्यापूर्वी "भिंत शेजाऱ्याची आहे" असे लिहून देऊ नका आणि "१७ वर्षांचा हक्क" हे शब्दही घालू नका, कारण त्यातून नसलेला वाद उभा राहील. भिंत शेजाऱ्याचीच निघाली तर दावा लावू नये. तारेसाठी मनाई हुकूम मागायला आलेल्या पक्षकाराला मी चहा पाजून परत पाठवतो.

गच्ची आपली आहे, तेथे अँगल उभे करण्यास शेजाऱ्याची संमती लागत नाही; फक्त कपड्यांचे पाणी त्यांच्या हद्दीत गळू नये. मात्र पुतण्याने आधी वर पाहावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार सपाट छतावरून जाणारी लघुदाबाची (घरगुती पुरवठ्याची) वाहिनी छताच्या सर्वांत उंच भागापासून किमान २.५ मीटर वर आणि बाजूने जाणारी किमान १.२ मीटर दूर असावी लागते, आणि उंच अँगल हे अंतर सहज खाऊन टाकतो. घरात येणारी सर्व्हिस वायर जेथून जाते त्या बाजूला अँगल नको, विजेच्या खांबाला दोरीचे टोक तर अजिबात नको. ओल्या कपड्यांची लोखंडी तार एखाद्या झिजलेल्या वायरला टेकली, तर तिला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. तेव्हा गच्चीवर तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा.