पायलट विमान चालवता चालवता एवढे भारी फोटो कसे काढतात? मला पण शिकायचंय, कॅमेरा कोणता घेऊ?

चालवता चालवता नाही काढत भाऊ, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या हातात कंट्रोल त्याच्या हातात कॅमेरा नाही. पुढं दोन सीट असतात, एक जण उडवतो, दुसरा काढतो, आणि अदलाबदल करायची तर तोंडानं बोलून करायची, "यू हॅव कंट्रोल" म्हणायचं, समोरचा "आय हॅव कंट्रोल" म्हणाला की मगच मोबाईलला हात. ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवसापासून डोक्यात बसवतात, आधी विमान उडवा, मग कुठं चाललोय ते बघा, मग रेडिओवर बोला. त्या यादीत फोटो कुठंच नाही.

तुम्ही लिहिलंय की धुळ्याचे आहात, गोंदूरला ट्रेनिंगची विमानं बघत मोठे झालात आणि आता इन्स्टावर वरून काढलेले फोटो बघून वेड लागलंय. मी जळगावकडचा, सेसना १७२ वर शिकलो आणि आता शिकवतो, त्यामुळे छोट्या विमानाचंच सांगतो. एअरलाईनच्या कॉकपिटचं वेगळंय, तिथं १०,००० फुटांच्या खाली कामाशिवाय गप्पा पण मारायच्या नसतात, फोटो लांबच राहिला.

आता मुद्द्याचं. असला फोटो कॅमेऱ्यापेक्षा विमान कुठं नेऊन ठेवलंय त्याच्यावर जास्त अवलंबून असतो. आपल्याकडचंच बघा, सातपुड्याच्या रांगा काढायच्यात. दुपारी गेलात तर सगळा डोंगर सपाट दिसतो, ऊन डोक्यावर, सावलीच नाही, मग घळी कशा दिसणार. तेच हिवाळ्यात सकाळी लवकर भुसावळकडून चोपड्याच्या दिशेनं निघा, तोंड पश्चिमेला, सूर्य आग्नेयेला म्हणजे मागं डावीकडं, सातपुडा उजव्या हाताला, आणि काढणारा उजव्या सीटवर. आडवं ऊन पडल्यामुळे एकेक सोंड वेगळी उठून दिसते, आणि उजवी खिडकी सावलीत असल्यामुळे काचेवर चमक पण येत नाही. हे सगळं पायलटनं उडायच्या आधीच नकाशावर बघून ठरवलेलं असतं, वर गेल्यावर "अरे थोडं डावीकडं घे ना" करत बसलं की पेट्रोल जातं आणि ऊनही जातं.

रावेर-यावलच्या केळीचे ते एकदम चौकोन चौकोन दिसणारे फोटो सरळ खाली बघून काढावे लागतात, म्हणजे विमान कलवायला लागतं. १७२ चा पंख वर असतो म्हणून खालचं छान दिसतं, पण पंखाला आधार देणारा तिरका दांडा, आम्ही स्ट्रट म्हणतो, तो आणि चाक मधे मधे येतं. स्ट्रटच्या मागच्या बाजूनं काढायचं, आणि चाक फ्रेमच्या बाहेर जाईपर्यंत थांबायचं.

इथंच लोक फसतात, म्हणून जरा जास्त लिहितो. आपलंच गाव खाली आलं, मामाचं शेत दिसलं की घिरट्या सुरू होतात, काढणारा म्हणतो अजून थोडं कलव, चालवणारा पण मान वाकवून खालीच बघतोय, आणि कोणाच्या लक्षात येत नाही की स्पीड उतरत चाललाय. विमान सरळ उडताना ५० नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) स्टॉल होत असेल, म्हणजे पंखांनी उचलायचं सोडलं असेल, तर उंची न सोडता ६० अंश कलवल्यावर तेच ७० नॉटच्या आसपास होतं. म्हणजे मघाशी जो स्पीड आरामात पुरत होता तो आता पुरत नाही. त्यात चाक फ्रेममधून काढायला कोणी रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबून नाक वळवलं तर एक पंख आधी पडतो, आणि कमी उंचीवर सावरायला जागाच नसते. माझ्या स्टुडंट्सना मी सांगून ठेवलंय, फोटोसाठी ३० अंशांच्या वर कलवायचं नाही, १,५०० फुटांच्या खाली यायचं नाही, आणि एका जागेवर दोन चकरा झाल्या की सरळ लांब जायचं, स्पीड बघायचा, मग परत यायचं. मामाचं शेत कुठं पळून जात नाही.

खिडकीचं पण सांगतो. ती काच नसते, अ‍ॅक्रिलिक असतं, ओरखडे भरपूर, ऑटोफोकस बिनधास्त त्या ओरखड्यावर बसतो. फोकस मॅन्युअल करून लांबवर ठेवायचा आणि रिंगला चिकटपट्टी मारून टाकायची. पोलरायझर फिल्टर घरीच ठेवा, त्या प्लास्टिकमधून इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात. शर्ट काळा घाला, पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब प्रत्येक फोटोत दिसतं. लेन्स काचेच्या जवळ न्या पण टेकवू नका, कोपर पण टेकवू नका, इंजिनची सगळी थरथर हातात उतरते. १७२ ची खिडकी हवेत उघडता येते, फक्त स्पीड १६३ नॉटच्या आत हवा आणि लेन्सचं हूड आधी काढून ठेवायचं, पट्टा गळ्यात नाही तर मनगटाला, कारण बाहेर निसटलेली वस्तू थेट शेपटीकडं जाते.

सीझन विचाराल तर दसरा ते दिवाळी. पावसानं हवा धुतलेली, शेतं हिरवी, नाले वाहते. मे महिन्यात नादच करू नका, पारा ४४-४५ वर, काळी जमीन तापलेली, सकाळी नऊनंतर विमान असं उडतं की काढणाऱ्याचं भरीत बाहेर येईल, आणि धुळीनं सगळं पांढुरकं.

अजून एक, कायदा. एअरक्राफ्ट रूल्स १९३७ चा नियम १३ आहे, विमानातून फोटो काढायला डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची, परवानगी लागते. एअरलाईनच्या प्रवाशांना त्यात सूट दिलीय, पण ती ट्रेनिंगच्या विमानाला लावून घेऊ नका, फ्लाईंग स्कूलला विचारून लेखी घ्या. आणि भुसावळ, वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, तिकडं कॅमेरा वळवायचाच नाही, चुकून पण नाही. तापी-पूर्णेचा चांगदेवचा संगम काढायला गेलात तर वरणगाव जवळच पडतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कॅमेरा? नवीन घेऊ नका राव. सेकंडहँड बॉडी आणि एक २४-१०५ लेन्स पुरते, वर लेन्स बदलायला ना जागा असते ना वेळ. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद, अ‍ॅपर्चर ५.६ ते ८, आयएसओ ऑटो. मोबाईलनं समोरून काढलं तर पंख्याची पाती केळ्यासारखी वाकडी येतात, ते सेन्सर एकेक ओळ वाचतो म्हणून, मोबाईल बिघडलेला नसतो.

तोवर गोंदूरलाच कंपाउंडच्या बाहेर, कोणाला अडचण होणार नाही अशा जागी उभं राहून, आणि कोणी हटकलं तर वाद न घालता निघून, प्रॅक्टिस करा. तिथं शटर उलट कमी ठेवायचं, १/१२५ च्या आसपास, नाहीतर पंखा थांबलेला दिसतो आणि विमान खेळण्यासारखं लटकवल्यागत वाटतं. एवढ्या कमी शटरला विमानाबरोबर कॅमेरा फिरवत काढायला लागतं, बरेचसे हलतील, ते डिलीट मारा.