अडकलेल्या चार लाखांचा हिशेब

प्रश्न : माझं वय 39. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत नोकरी, हातात पगार 58 हजार. वर्धा रोडवर जामठ्याच्या पुढे एका लेआउटमध्ये 1,200 चौरस फुटांचा प्लॉट बुक केला आहे. भाव फुटाला 1,500 रुपये, म्हणजे एकूण 18 लाख. बयाणा 2 लाख आणि 20 हजारांचे 11 हप्ते, असे 4 लाख 20 हजार भरून झाले. करारनामा अजून रजिस्टर झालेला नाही. आरएल, म्हणजे प्लॉटला मिळणारं सरकारी मंजुरीचं रिलीज लेटर, ‘पुढच्या महिन्यात’ येणार, असं आठ महिन्यांपासून ऐकतो आहे. प्लॉट सोडला तर भरलेल्या रकमेतून 20 टक्के कापतात. बायको म्हणते सोडा. साडभाऊ म्हणतात धीर धरा, त्यांचाही प्लॉट तिथेच आहे. एवढे पैसे घातल्यावर आता मागे कसं फिरू? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच डोक्यात फिरतं, मुलांवर उगाच खेकसतो. नीट विचारच करता येत नाही.

उत्तर : तुमचं डोकं ठीक चाललं आहे, त्याला दिलेला आकडा चुकीचा आहे. तुम्ही रोज रात्री 4 लाख 20 हजारांचा विचार करता. ते पैसे देऊन झाले. आज तुमच्या हातात असलेला निर्णय वेगळ्याच रकमेचा आहे.

आज सोडलात तर 84 हजार कापले जातील आणि 3 लाख 36 हजार परत मिळायला हवेत. थांबलात तर अजून 13 लाख 80 हजार भरायचे आहेत, म्हणजे याच हप्त्याने 69 महिने. परत मिळू शकणारी रक्कमही तुम्ही तिथेच ठेवणार, म्हणून दोन्हींची बेरीज करा : 17 लाख 16 हजार. तेवढ्याला 1,200 फूट म्हणजे फुटाला 1,430 रुपये. आता प्रश्न असा : या लेआउटशी तुमचा काही संबंध नसता आणि आज कोणी तुम्हाला आरएल नसलेला हाच प्लॉट 1,430 च्या भावाने देऊ केला असता, तर घेतला असता का?

त्याच पट्ट्यातल्या, आरएल मिळालेल्या दोन-तीन लेआउटचे भाव गिऱ्हाईक म्हणून विचारून या. तिथे 1,450 ला मिळत असेल तर तुम्ही फुटामागे 20 रुपये वाचवायला मोठी जोखीम घेताय. तिथे 1,900 असेल आणि तुमच्या प्लॉटचे कागद सरळ निघाले, तर थांबणंही शहाणपणाचं ठरू शकतं. सोडाच, असं मी म्हणत नाही.

मात्र परतीचे पैसे खरंच आणि वेळेवर मिळतात का, हे आधी प्लॉट सोडलेल्या एखाद्याकडून कळलं तर बघा. तिथे टोलवाटोलवी असेल तर 3 लाख 36 हजार हा आकडा कमी धरा.

आता रात्रीचं. कागदाशिवाय केलेला विचार पुढे जात नाही, तीच चार वाक्यं फिरत राहतात. जेवण झाल्यावर साडेआठला वही घेऊन बसा, 20 मिनिटं, घड्याळ लावून. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘कागदावर आहे’, उजवीकडे ‘ऐकलं आहे’. पावत्या, बुकिंग फॉर्म, कपातीची अट डावीकडे जाईल. ‘पुढच्या महिन्यात आरएल’, ‘मिहान प्रकल्पामुळे भाव दुप्पट होणार’, ‘फाइल साहेबांच्या टेबलावर आहे’ हे सगळं उजवीकडे. मग उजवीकडच्या प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा : कोणी सांगितलं, आपण थांबलो तर त्याचा फायदा काय, आणि कोणत्या कागदाने हे सिद्ध होईल. साडभाऊंचं नाव इथे येईल. ते लबाड आहेत असं नाही. तुम्ही बाहेर पडलात तर त्यांना स्वतःच्या प्लॉटकडे नव्याने बघावं लागेल, आणि ते कोणालाच नको असतं. रात्री पुन्हा विचार आला तर ‘हे वहीत आहे’ एवढंच म्हणायचं. पहिले काही दिवस याचा उपयोग वाटणार नाही. वही उशाशी मात्र ठेवू नका, नाहीतर दोन वाजता तीच उघडून बसाल.

उजवीकडच्या ओळी तपासायला एक दिवस सुटी टाका. मौजा (गावाचं नाव), खसरा (जमिनीचा) नंबर आणि पटवारी हलका (तलाठ्याचा सज्जा) नंबर घेऊन एनएमआरडीएच्या, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, कार्यालयात स्वतः जा. अर्ज दाखल झाल्याची पोच म्हणजे आरएल नव्हे. तुमचा प्लॉट नंबर असलेलं रिलीज लेटर हवं. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर काढा आणि जमीन कोणाच्या नावावर आहे, इतर हक्कात कोणता बोजा आहे ते बघा. महारेराच्या (घर-प्लॉट विक्रीवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर लेआउटचा नोंदणी क्रमांक शोधा; 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या अशा विक्रीला नोंदणी लागते. आणखी एक, तुमच्या पत्रात सहज येऊन गेलेली गोष्ट : रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करारनामा रजिस्टर केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्या बाबतीत ती 1 लाख 80 हजार होते. त्याच्या दुपटीहून जास्त तुम्ही भरून बसलात. म्हणून 20 टक्के कपातीला लगेच मान डोलावू नका; बुकिंग फॉर्म आधी वकिलाला दाखवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण पत्रात दिसते. सोडणं म्हणजे बायको बरोबर होती हे कबूल करणं, आणि वास्तूच्या गप्पा ऐकलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर माघार. ही किंमत खरी आहे, मी ती नाकारत नाही. फक्त ती वहीत वेगळ्या ओळीवर लिहा : ‘मान खाली जाईल’. पुढे रुपयांत आकडा टाका. पाच लाख टाकायला हात धजणार नाही बहुतेक.

कागद बघून झाले की दोघांनी बसून एक तारीख आणि एक अट लिहा. आजपासून 45 दिवसांत रिलीज लेटरची प्रत आणि रजिस्टर करारनामा, दोन्ही आले तर थांबायचं, एकही राहिलं तर रद्द. पान वहिनींकडे राहू द्या. यात लोक हमखास घसरतात ते 44 व्या दिवशी, फोन येतो तेव्हा : ‘सोमवारी पक्कं देतो.’ म्हणून सोमवार, दोन दिवस, सही बाकी आहे, या सबबी चालणार नाहीत हे अटीखालीच लिहून ठेवा.

पुढचा हप्ता गुपचूप थांबवू नका, हप्ता चुकला म्हणून बुकिंग रद्द करायचं निमित्त त्यांना मिळेल. आधी लेखी पत्र द्या : करारनामा रजिस्टर करून द्या आणि रिलीज लेटरची प्रत द्या, त्यानंतर हप्ता भरतो. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह, आणि पोच आली की वहीत डाव्या बाजूला चिकटवा.