रोज एक टक्क्यासाठी एफडी मोडायची का?

प्रश्न : नाशिकजवळ माझं मेडिकलचं दुकान आहे, वय 46. एफडीत 9 लाख, म्युच्युअल फंडात 7 लाख आणि एका भारतीय एक्स्चेंजवर बिटकॉइन-इथर मिळून 3 लाख 40 हजारांचं क्रिप्टो आहे. टेलिग्राम ग्रुपमधून कळलेल्या एका प्लॅटफॉर्मवर रोज साधारण 1 टक्का मिळतो. यूपीआयने 20 हजारांचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो) घेऊन तिथे टाकले, दीड महिन्यात 31 हजार दिसतायत. 4 हजार काढून पाहिले, तेही दुकानाच्या खात्यात लगेच जमा झाले. मुलीच्या शिक्षणाची 6 लाखांची एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय. ती इकडे वळवू का? आणि एक्स्चेंज हॅक होतात, म्हणून बाकीचं क्रिप्टो ग्रुपवाले सांगतात त्या वॉलेटमध्ये हलवू का?

उत्तर : नमस्कार. दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ आहे. दुसऱ्या प्रश्नातली तुमची धास्ती मात्र खरी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आधी हिशेब करू. रोज 1 टक्का चक्रवाढीने वर्षभर मिळाला, तर पैसे जवळपास 38 पट होतात. तुमच्या 6 लाखांचे सव्वादोन कोटी. असं यंत्र ज्याच्या हाती आहे, तो ओझर-पिंपळगावच्या दुकानदारांना टेलिग्रामवर का गोळा करत बसेल? गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणुकीच्या फसव्या योजनेवाल्यांनी तर महिन्याला 10 टक्केच सांगितले होते. त्या प्रकरणात पुण्यात गुन्हे दाखल झाले, 2018 मध्ये सूत्रधाराला अटक झाली आणि असंख्य लोकांचे पैसे अडकले. तुम्हाला तेवढा परतावा दहा दिवसांत दाखवला जातोय.

तुमचा विश्वास बसला तो त्या 4 हजारांमुळे. हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार आहे. तुम्ही 20 हजार दिलेत, त्यातलेच 4 हजार परत आले. उरलेले 16 हजार त्यांच्याकडे आहेत, आणि स्क्रीनवरचा आकडा हा त्यांनीच त्यांच्या वेबसाइटवर टाइप केलेला आकडा आहे. मोठी रक्कम काढायला गेलात की ‘आधी 30 टक्के टॅक्स भरा’, मग ‘व्हेरिफिकेशन डिपॉझिट भरा’ सुरू होईल. हे लक्षात ठेवा: प्राप्तिकर सरकारकडे भरला जातो आणि टीडीएस मिळणाऱ्या रकमेतून कापला जातो. स्वतःचेच पैसे सोडवण्यासाठी प्लॅटफॉर्मला यूएसडीटीमध्ये टॅक्स भरायचा, अशी पद्धत कुठेच नाही.

मला त्या 20 हजारांपेक्षा 4 हजारांची काळजी जास्त वाटते. ते कोणाच्या खात्यातून आले, हे यूपीआयच्या नोंदीत बघा. बहुधा एखाद्या अनोळखी माणसाचं किंवा भलत्याच व्यवसायाचं नाव असेल. अशा टोळ्या एका फसलेल्या माणसाचे पैसे दुसऱ्याला ‘नफा’ म्हणून पाठवतात. त्या पहिल्याने तक्रार केली, की पोलिसांच्या सांगण्यावरून बँक पैशांच्या वाटेवरची खाती किंवा त्यातली रक्कम गोठवते. तुम्ही रक्कम घेतलीत ती दुकानाच्या चालू खात्यात, जिथून होलसेलरचे चेक जातात. ते खातं परराज्यातल्या एखाद्या तक्रारीत अडकलं, तर ते सोडवताना नाकी नऊ येतात. ग्रुपबाहेर, साध्या पी-टू-पी (एका व्यक्तीने दुसऱ्याशी थेट केलेल्या) व्यवहारात यूएसडीटी घेणाऱ्या-विकणाऱ्यांचीही खाती अशीच अडकतात. म्हणून कितीही चांगला भाव मिळाला तरी अनोळखी माणसाशी पी-टू-पी नको, आणि दुकानाच्या खात्यातून तर कधीच नको.

तेव्हा आजच एवढं करा. ग्रुप सोडण्याआधी चॅट, प्लॅटफॉर्मचा पत्ता, वॉलेटचे पत्ते आणि यूपीआयचे व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट काढा. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार द्या, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवा. त्या 4 हजारांबद्दल बँकेला लेखी कळवा आणि पोचपावती घ्या. उरलेले 16 हजार परत येतील असं धरून चालू नका. थोड्या दिवसांनी ‘तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, आधी फी भरा’ म्हणणारा कोणीतरी गाठेल. तोही त्यांच्यातलाच समजा.

आता वॉलेटचं. एक्स्चेंजवर ठेवलेलं क्रिप्टो म्हणजे खरं तर एक्स्चेंजकडून तुम्हाला असलेलं येणं. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलर चोरीला गेले आणि ग्राहकांना वर्षाहून जास्त काळ क्रिप्टो काढता आलं नाही. सगळा मामला सिंगापूरच्या न्यायालयात गेला. फेब्रुवारी 2025 मध्ये बायबिट या परदेशी एक्स्चेंजची सुमारे दीड अब्ज डॉलरची चोरी झाली. तिथे तर व्यवहार मंजूर करून डिजिटल सही करणाऱ्यांना स्क्रीनवर व्यवहार बरोबर दिसत होता आणि प्रत्यक्षात सही भलत्याच गोष्टीवर झाली. बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं कवच असतं. इथे तसं काही नाही. एक्स्चेंजची एफआययूकडे (केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे) नोंदणी आहे का हे जरूर बघा, पण ती नोंदणी काळ्या पैशाला आळा घालण्यासाठी असते, तुमच्या ठेवीची हमी म्हणून नाही.

म्हणून ग्रुपवाल्यांच्या वॉलेटमध्ये जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. वॉलेटची किल्ली म्हणजे 12 किंवा 24 इंग्रजी शब्द, आणि ते ज्याला कळले तो मालक. वॉलेटचं अ‍ॅप किंवा ते शब्द दुसऱ्याने दिलेले असतील, तर ते वॉलेट तुमचं नाही. आणखी एक फसवणूक मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरत असते: ‘वॉलेट कनेक्ट करा आणि अप्रूव्ह दाबा, मोफत कॉइन मिळतील.’ इथे शब्द कोणी विचारत नाही. त्या एका ‘अप्रूव्ह’ने तुमचं यूएसडीटी हवं तेव्हा काढून नेण्याची परवानगी समोरच्याला मिळू शकते.

मग हार्डवेअर वॉलेट, म्हणजे ही किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं यंत्र, घ्यावं का? इथे माझं मत बऱ्याच क्रिप्टोप्रेमींना पटत नाही. एक्स्चेंज हॅक होण्याइतकाच मोठा धोका म्हणजे घरच्या माणसाकडून शब्दांचा कागद हरवणं किंवा त्याचा फोटो गूगलवर चढणं. त्यामुळे घ्यायचंच असेल तर थेट कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. डब्यात आधीच छापलेले शब्द निघाले तर ते यंत्र वापरूच नका. शब्द कागदावर लिहा, एक प्रत लॉकरमध्ये आणि दुसरी वेगळ्या घरात ठेवा. स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवू नका. मग दोन हजारांचं बिटकॉइन त्यावर पाठवा, यंत्र मुद्दाम रीसेट करा आणि कागदावरच्या शब्दांनी ते परत उभं राहतं का बघा. ही तालीम जमली तरच बाकीचं हलवा. पाठवताना पत्त्याची फक्त पहिली-शेवटची अक्षरं जुळवू नका, कारण तशीच अक्षरं असलेले बनावट पत्ते तुमच्या व्यवहारांच्या यादीत मुद्दाम पेरले जातात. पाठवणारा आणि घेणारा यांचं नेटवर्क (ब्लॉकचेन) एकच आहे ना, हेही तपासा.

हे सगळं नको वाटत असेल तर त्यात कमीपणा नाही. मग एक्स्चेंजवरच राहा, पण रक्कम कमी करा. तुमच्या 19 लाख 40 हजारांपैकी साडेसतरा टक्के क्रिप्टोत आहेत. मुलीचं शिक्षण तोंडावर असताना मला ते फार वाटतात. मी तुमच्या जागी लाखभराचं बिटकॉइन ठेवून बाकी विकलं असतं. लॉगिनसाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप (फोनवरच कोड तयार करणारं अ‍ॅप) लावा, म्हणजे कोणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं तरी ओटीपीने खातं उघडणार नाही. पैसे काढण्यासाठी ठरावीक पत्तेच चालतील अशी सोय असेल तर तीही सुरू करा.

विकताना कर लागेल, तोही फक्त नफ्यावर: 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के सेस. तोटा मात्र वजा होत नाही. बिटकॉइनमध्ये 60 हजार नफा आणि इथरमध्ये 50 हजार तोटा झाला, तर हाती खरे 10 हजार आले तरी कर 18 हजार 720. शिवाय 1 जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस आहे. तो रिटर्नमध्ये परत मागता येतो, पण तोवर भांडवल अडकतं. एका लाखाने 30 वेळा खरेदी-विक्री केली आणि भाव जराही हलला नाही, तरी हातात सुमारे 74 हजारच खेळते राहतात. त्यामुळे रोजचं ट्रेडिंग तुमच्यासारख्यांसाठी प्रामाणिक एक्स्चेंजवरही परवडत नाही. स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं ही विक्री नव्हे, पण मूळ खरेदीची कागदपत्रं जपून ठेवा, पुढे विकताना लागतील.

राहिली 6 लाखांची एफडी. मुलीची पहिली फी वर्षभरात असेल तर तेवढी रक्कम वर्षाच्या एफडीत आणि उरलेली दोन वर्षांच्या एफडीत, आहे त्याच बँकेत ठेवा. मॅच्युरिटीच्या आधी शाखेत जाऊन तशी सूचना लेखी द्या, नाहीतर बहुतेक बँका पूर्ण रक्कम आधीच्याच मुदतीसाठी आपोआप रिन्यू करून टाकतात.