वाचकांचे प्रश्न : एस्कुदोच्या नोटा

प्रश्न : आजोबांच्या पेटीत पोर्तुगीज काळातल्या ३० आणि ६० एस्कुदोच्या नोटा सापडल्या. अशा विचित्र रकमेच्या नोटा का? लॅमिनेशन करून ठेवू का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको! उष्णतेने वितळलेलं प्लास्टिक कागदात मुरतं, मग ते काढताना छपाईच सोलून निघते. संग्राहकाच्या लेखी ती नोट तिथेच संपते.

रकमेचं कोडं मात्र सुंदर आहे. बांको नासिओनाल उल्ट्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या या नोटांवर २ जानेवारी १९५९ ही तारीख आहे. रुपया जाऊन एस्कुदो आला तेव्हा दर ठरला एका रुपयाला ६ एस्कुदो. म्हणजे ३० हे जुने ५ रुपये, ६० हे १०, तर ६०० हे थेट १००. बाजारातला हिशेब मोडू नये म्हणून ही सोय. नोटेवरचा दाढीवाला माणूस म्हणजे १५१० मध्ये गोवा जिंकणारा आफोन्सो द आल्बुकेर्क.

आता जपणूक. नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, फाटली असली तरी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक पिवळा पडून आरपार उतरतो. टाचणी गंजते, तीही काढा. घडी पडली असेल तर दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तक ठेवा. मग पॉलिएस्टरच्या पाकिटात घाला. मऊ, वासाचं पीव्हीसी पाकीट टाळा, ते कालांतराने चिकट होतं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच. निळे मणी गुलाबी झाले की बदला. आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, आपल्याकडे ओल तिथूनच येते.