आयआरएच्या माणसाला मराठीत काय म्हणावं?

एका अनुवादक वाचकबाईंनी विचारलं आहे: "उत्तर आयर्लंडच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणते आहे. आयआरए म्हणजे आयरिश रिपब्लिकन आर्मी, ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारी सशस्त्र संघटना. तिच्या १९२० सालच्या लोकांना मी 'क्रांतिकारक' लिहिलं आणि १९७२ सालच्यांना 'दहशतवादी'. मजकूर तपासणाऱ्यांचं म्हणणं असं की संघटनेचं नाव एकच, तर शब्दही एकच ठेवा. कोणता ठेवू? नमुन्याला दोन वाक्यं देते. 'डब्लिनमध्ये क्रांतिकारकांनी एका सकाळी चौदा इंग्रज अधिकाऱ्यांना यमसदनी धाडलं.' 'बेलफास्टमध्ये दहशतवाद्यांनी तासाभरात वीस बॉम्ब फोडून नऊ निरपराधांचे प्राण घेतले.' शिवाय 'ट्रबल्स', 'रिपब्लिकन' आणि 'व्हॉलंटियर' यांना मराठीत काय म्हणता येईल?"

तपासणाऱ्यांना खटकलं ते योग्यच खटकलं. पण त्यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही.

तुम्ही सालागणिक शब्द बदललात तेव्हा, कळत-नकळत, आयर्लंडमधल्या एका पक्षाचं मत उचललंत. डब्लिनच्या राजकारणात ते मत फार जुनं आहे: १९१९ ते १९२१ची आयआरए आपली, चांगली, १९६९ नंतरची 'प्रोव्हिजनल' आयआरए वेगळी, वाईट. त्याला आधारही आहे. ब्रिटिश सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या १९१६च्या ईस्टरच्या उठावाला सुरुवातीला डब्लिनकरांचा फारसा पाठिंबा नव्हता. इंग्रजांनी सोळा जणांना मृत्युदंड दिला आणि वारं फिरलं. १९१८च्या निवडणुकीत शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. म्हणजे लोकांनी कौल दिला होता, असं म्हणता येतं. पुढे १९१९ ते १९२१च्या लढाईतून दक्षिणेत आयरिश राज्य उभं राहिलं आणि त्या राज्याने जुन्या सैनिकांना पेन्शनी दिल्या. १९७०च्या दशकातल्या आयआरएला असा कौल कधीच मिळाला नव्हता.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतो, आणि हे दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक आहेत. प्रोव्हिजनलांचे समर्थक म्हणतात, आमच्या आजोबांनी केलं तेच आम्ही केलं, मग त्यांना पुतळे आणि आम्हांला शिव्या का? उत्तरेतले युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे, म्हणतात, अगदी खरं, दोघांनी तेच केलं, म्हणून दोघेही खुनी. कृत्यांबद्दल दोघांचं एकमत आहे, शब्दाबद्दल नाही.

दोन बायकांची हकिगत सांगतो, म्हणजे हे नीट समजेल. कॉर्कजवळ राहणाऱ्या साठीच्या मिसेस लिंडसे यांनी जानेवारी १९२१मध्ये आयआरएचे लोक ड्रिप्सीला दबा धरून बसल्याची खबर सैन्याला दिली. पकडलेल्यांपैकी पाच जणांना इंग्रजांनी गोळ्या घातल्या. मग आयआरएने या बाईंना आणि त्यांच्या ड्रायव्हरला गुपचूप मारून पुरलं, आणि त्यांचं घर जाळलं. दुसरी गोष्ट बेलफास्टची. डिसेंबर १९७२मध्ये दहा मुलांची विधवा आई असलेल्या जीन मॅककॉनव्हिल यांना आयआरएने घरातून उचलून नेलं, खबरी ठरवून मारलं आणि सीमेपलीकडे एका किनाऱ्यावर पुरलं. २००३ साली त्यांचा मृतदेह सापडला. त्या खबरी होत्या याचा पुरावा पोलिसांच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लोकपालांना मिळाला नाही. पहिल्या बाईंनी खबर दिली होती, दुसऱ्या बाईंबद्दल तसं काही सिद्ध नाही. एवढा फरक नोंदवायलाच हवा. पण तुमच्या लेखातल्या नियमाने पहिलं कृत्य 'क्रांतिकारकां'चं ठरतं आणि दुसरं 'दहशतवाद्यां'चं. हे लिहिताना माझा तरी हात अडखळेल.

आता मराठीकडे वळू. 'क्रांतिकारक' हा आपल्याकडे नुसता वर्णनाचा शब्द राहिलेला नाही. वासुदेव बळवंत, चाफेकर, राजगुरू यांच्या नावांमागे लागून लागून तो आदराचा किताब झाला आहे. 'दहशतवादी' हा तसाच निवाडा, उलट दिशेचा. म्हणून दोन्हींपैकी कोणताही एक शब्द लेखभर ठेवला तरी लेखाने निकाल देऊन टाकलेला असतो.

नामापेक्षा क्रियापद जास्त फसवतं. तुमच्या पहिल्या वाक्यातलं 'यमसदनी धाडलं' बघा. 'कंठस्नान घातलं' हे त्याचं भावंड. मराठीत मारणाऱ्याच्या बाजूने उभं राहून बोलायचं असलं की हे वाक्प्रचार आपोआप जिभेवर येतात. अफझलखानाचा 'वध' होतो, 'खून' कधी होत नाही. आणि 'गांधीहत्या' म्हणायचं की 'गांधीवध' यावरून माणूस कुठे उभा आहे हे आपल्याला एका शब्दात कळतं. आयरिश लोकांच्या कानाला 'किल्ड', 'मर्डर्ड', 'एक्झिक्यूटेड' असेच वेगवेगळे ऐकू येतात. आयआरए खबऱ्याला मारल्यावर 'एक्झिक्यूट केलं' म्हणायची, जणू कुठल्या न्यायालयाने शिक्षा सुनावली होती. मराठीत तुम्ही तिथे 'देहदंड दिला' लिहिलंत तर आयआरएची वकिली केलीत. 'गोळ्या घालून मारलं' लिहा. त्यात घडलेलं सगळं येतं.

आमचं घर साताऱ्याकडचं. बेचाळीसच्या गोष्टी सांगताना आजीच्या तोंडी 'भूमिगत' हा शब्द नाम म्हणून यायचा: "रात्री भूमिगत आले, की भाकऱ्यांची चवड आणि मिरचीचा ठेचा मागच्या दाराने जायचा." पोलिसांच्या यादीत तीच माणसं 'फरारी' होती. माणूस एक आणि शब्द दोन. पुढच्या दाराचा वेगळा, मागच्या दाराचा वेगळा. पोलिसांना चुकवून राहणाऱ्यासाठी इंग्रजीत असलेल्या 'ऑन द रन'साठी म्हणूनच विचार करून शब्द निवडा. आयर्लंडमध्ये तो दोन्ही बाजूंचे लोक वापरतात. २०१४ साली, हाइड पार्कच्या १९८२च्या बॉम्बस्फोटाचा खटला अशाच एका 'ऑन द रन' माणसाला, तुम्ही आता पोलिसांना नको आहात, असं सरकारकडून चुकून गेलेल्या पत्रामुळे कोसळला. त्या बातमीत 'भूमिगत' लिहिलं तर सहानुभूती येते, 'फरारी' लिहिलं तर गुन्हा गृहीत धरला जातो. मी 'पोलिसांना हवा असलेला' असं लांबलचक लिहीन.

शब्दासाठी माणसं मेलीही आहेत, हे तुमच्या लेखात यायला हवं. १ मार्च १९७६ पासून ब्रिटिश सरकारने आयआरएच्या नव्या कैद्यांना दिला जाणारा खास दर्जा बंद केला. ते इतरांसारखे साधे गुन्हेगार ठरले. कैद्यांनी कैद्याचे कपडे घालायला नकार दिला आणि ते अंगावर घोंगडी पांघरून राहिले. तो दर्जा परत मिळावा म्हणून केलेल्या १९८१च्या उपोषणात दहा जण गेले. बॉबी सँड्स ६६व्या दिवशी, ५ मे रोजी गेला, आणि त्याच्या साधारण महिनाभर आधी मतदारांनी त्याला तुरुंगातूनच खासदार केलं होतं. त्याच दिवसांत मार्गारेट थॅचर म्हणाल्या होत्या की गुन्हा तो गुन्हाच, त्यात राजकीय काही नाही. 'कैदी' की 'राजकीय कैदी', हा त्या वेळी जगण्या-मरण्याचा प्रश्न झाला होता. (इथे 'उपोषण' हाच शब्द ठेवा. ज्याने अन्याय केला त्याच्या दाराशी उपाशी बसायची रीत प्राचीन आयरिश कायद्यात होती. ऋणकोच्या दारात धरणं धरून बसणाऱ्या आपल्याकडच्या सावकाराची ती थेट बहीण आहे.)

बाकीचे तीन शब्द.

'व्हॉलंटियर'ला 'स्वयंसेवक' करू नका. वाचकाच्या डोळ्यांपुढे मांडवात बिल्ला लावून रांगा सांभाळणारा मुलगा येईल, किंवा एका विशिष्ट संघटनेचा सदस्य. आयआरएत प्रत्येक सभासद 'व्हॉलंटियर'. आयरिश भाषेत त्याला 'ओग्लाख' म्हणतात आणि त्या शब्दाचं मूळ 'तरुण योद्धा' असं आहे. गंमत अशी की 'ओग्लाख'च्याच अनेकवचनावरून झालेलं आयआरएचं आयरिश नाव आणि आयर्लंडच्या सरकारी सैन्याचं आयरिश नाव अक्षरशः एकच आहे. खरं सैन्य कोणाचं, हा वाद नावातच अडकून बसला आहे. तुम्ही 'आयआरएचा सभासद' लिहा. त्यांच्या निवेदनाचा मजकूर असेल तिथे 'सैनिक'.

'रिपब्लिकन'चं भाषांतर 'प्रजासत्ताकवादी' करा, जड वाटलं तरी. महाराष्ट्रात 'रिपब्लिकन' म्हटलं की १९५७ साली स्थापन झालेला आंबेडकरी पक्ष आठवतो, आणि 'नॅशनॅलिस्ट'साठी 'राष्ट्रवादी' लिहिलं की आणखी एक पक्ष. उत्तर आयर्लंडमध्ये या दोन शब्दांत फरक आहे: दोघांनाही अखंड आयर्लंड हवं, पण 'नॅशनॅलिस्ट' सनदशीर मार्गाचे, आणि 'रिपब्लिकन' परंपरेने शस्त्र मान्य असलेले. पहिल्यांदा हे शब्द येतील तिथे एक वाक्य खर्ची घालून हा फरक सांगा. टिळकांच्या काळातली 'मवाळ' आणि 'जहाल' ही जोडी मोह पाडेल, पण ती वापरू नका. जहालांनी शस्त्र घेतलंच होतं असं नाही.

'ट्रबल्स' सर्वांत अवघड. तीस वर्षं, साडेतीन हजारांहून जास्त मृत्यू, आणि शब्द 'त्रास' एवढासा. पण आयर्लंडमध्ये कोणाच्या घरी मयत झालं की समाचाराला गेलेले लोक त्याच शब्दाने दुःख व्यक्त करतात, म्हणून तिथल्या कानाला तो वाटतो तितका हलका नाही. जुन्या मराठीत याला नेमका शब्द होता, 'धामधूम'. बखरींच्या वळणाच्या गद्यात 'धामधुमीचा काळ' म्हणजे लुटालूट, पळापळ, राज्य जागेवर नसलेला काळ. आज धामधूम फक्त लग्नाची उरली आहे. फार वाईट वाटतं, पण तो वापरता येणार नाही. 'यादवी' लिहिलं तर ब्रिटिश सैन्य चित्रातून गळून पडतं. मी 'ट्रबल्स' तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला 'अशांततेची तीस वर्षं' असं जोडीन.

आणि हा वाद थंड झालेला नाही. २०२२ साली शिन फेनच्या मिशेल ओनील म्हणाल्या की ट्रबल्सच्या काळी सशस्त्र लढ्याला दुसरा पर्याय नव्हता. २०२४मध्ये त्या उत्तर आयर्लंडच्या फर्स्ट मिनिस्टर झाल्या. २०२२मध्येच आयर्लंडच्या महिला फुटबॉल संघाने विश्वचषकात प्रवेश मिळाल्याच्या आनंदात 'अप द रा' गायलं. 'रा' म्हणजे आयआरए. त्यांनी माफी मागितली, फुटबॉल संघटनेला दंडही झाला. ट्रबल्स संपवणारा १९९८चा करार झाला तेव्हा त्यांतल्या कित्येक जणी लहान मुली होत्या. त्यांच्यासाठी ती नुसती घोषणा होती. ज्यांचा बाप त्या 'रा'ने मारला, त्यांच्या कानाला तिच्यात त्या खुनाशिवाय दुसरं काहीच ऐकू येत नाही.

तुमची वाक्यं मी अशी करीन.

"२१ नोव्हेंबर १९२०च्या सकाळी आयआरएने डब्लिनमध्ये घराघरांत शिरून चौदा-पंधरा जणांना गोळ्या घालून मारलं, त्यांतले बहुतेक ब्रिटिश अधिकारी होते. त्याच दुपारी ब्रिटिशांच्या सशस्त्र दलांनी क्रोक पार्कवर सामना बघायला आलेल्या गर्दीवर गोळीबार केला. त्यात चौदा जण मेले."

"२१ जुलै १९७२ रोजी प्रोव्हिजनल आयआरएने बेलफास्टमध्ये तासाभराच्या आसपास वीसेक बॉम्ब फोडले, नऊ जण मेले, त्यांत दोन ब्रिटिश सैनिक होते." यातून 'निरपराध' मी काढला आहे. सैनिकांचं मरण स्वस्त होतं म्हणून नाही. तीस वर्षांनी, २००२ साली, आयआरएने माफी मागितली ती फक्त 'लढाईत नसलेल्यां'च्या घरच्यांची, आणि त्या दोन शब्दांनी मेलेल्यांची जी विभागणी झाली तिच्यावर उत्तरेतले कितीतरी लोक संतापले. 'निरपराध' शब्दही नकळत तीच विभागणी करतो.